सरखेलांचा पुतळा गोदीबाहेर हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, कान्होजी आंग्रे यांचा पुतळा मुंबईत आहे, हे कित्येक मुंबईकरांच्या गावीही नसते. त्यात त्यांचा दोष नाही. पुतळा नौदलाच्या आवारात आहे आणि तिथे सर्वसामान्यांना सहज जाता येत नाही. ज्या मुंबईतून इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने त्यांच्यावर आरमारे धाडली, तिथल्याच नौदल तळाला १९५१ मध्ये 'आंग्रे' हे नाव मिळाले. नौदलाने आपले कर्तव्य केले, शहराचे राहिले आहे.

४ जुलै २०२९ रोजी कान्होजींच्या निधनाला ३०० वर्षे होतील. तोवर भाऊच्या धक्क्यावर त्यांचा पुतळा उभा राहावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे. रेवसला जाणारी माणसे तिथूनच बोटीत बसतात. पलीकडचा तो किनारा, अलिबागचा कुलाबा किल्ला, थळसमोरचे खांदेरी बेट हा सगळा त्यांचाच मुलूख.

उंचीची स्पर्धा मात्र नको. पुतळा माणसाएवढा असला तरी चालेल, पण शेजारी मुलांना हात लावून पाहता येईल अशी गुराब आणि गलबत ही त्यांच्या आरमारातली जहाजे ओतून घ्यावीत. गुराबेच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, तोफा समोर रोखलेल्या. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते तिला दोर लावून ओढत नेत आणि शिडांवर विसंबलेली शत्रूची अवजड जहाजे जागीच खोळंबत. हे आरमार वल्हवणारे कोळी, भंडारी खलाशीही त्या शिल्पात दिसले पाहिजेत. त्यांच्याशिवाय सरखेल एकटे उभे करणे मला अन्यायाचे वाटते.

फलकावर भांडणाचे मूळही लिहावे. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपला दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा, हा कान्होजींचा आग्रह होता आणि कंपनीला तो मान्य नव्हता. १७१८ मध्ये खांदेरीवर इंग्रज हरले, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊनही त्यांना कुलाबा घेता आला नाही. इंग्रजांनी त्यांना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, ठरवले ते या भांडणातून.

आणखी एक. मालवणला राजकोटावर महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभारला गेला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. खाऱ्या वाऱ्यात लोखंड किती लवकर गंजते, हे धक्क्यावरचा कोणताही तांडेल सांगेल. म्हणून घाईघाईने मुहूर्त गाठण्यापेक्षा आराखडा, धातू आणि देखभालीचा खर्च आत्ताच ठरवावा आणि तो लोकांपुढे ठेवावा.

आपला,
एक वाचक, माझगाव, मुंबई