मंगळवारची ओटी

ती. बाबा आणि आई,

सा. न. वि. वि. (बाबा, बघा, अजून येतं मला.)

हे दादा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल. फोनवर विषय काढला की आई तुझा कुकर होतो आणि बाबा तुमचं नेटवर्क जातं, घरातल्या घरात. म्हणून लिहितेय. आई, हे बाबांना मोठ्याने वाचायला लावू नकोस, मध्ये एकदोन ठिकाणी त्यांना अवघड जाईल.

आधी मुद्द्याचं. आई, तुझ्या ऑपरेशनची तारीख ठरलीये. २४, मंगळवार, सकाळची वेळ. मी आणि दादाने ठरवलं, डॉक्टरांशी मी फोनवर सविस्तर बोलले आणि हो, तुम्हाला न विचारता. राग काढायचा तर माझ्यावर काढा, दादावर नको, तो दोनदा म्हणाला होता की आईला विचारून घेऊ, मीच नको म्हटलं, कारण विचारलं असतं तर तू चैत्र सांगितला असतास. आणि मंगळवार मी मुद्दाम धरलेला नाही, डॉक्टरांना ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, त्याच दिवशी मिळाली. दादा तुला सांगायला आला की "मंगळवारी ओटी आहे" तर तू म्हणालीस, "अगंबाई, कार्ल्याला कोण निघालंय?" तो फोनवर हसत होता आणि मी इथे बाथरूममध्ये जाऊन रडून आले. पण देवीचाच वार आहे, तेवढं मनाशी धर.

कार्ल्याचं मला कळतं आई. जत्रेला जायचं, आधी एकवीरेची ओटी भरायची मग बाकी सगळं, लग्नाआधी तसंच केलं, दादाच्या वेळेस पोटुशी असताना तसंच केलंस. पण चैत्र म्हणजे अजून दीड महिना, आणि ती देवी दोन हजार वर्षांच्या लेण्यांशेजारी बसलीये, ती कुठेही जात नाहीये. गाठ लहान आहे, काखेत काही लागत नाही, आत्ताच काढलेली बरी असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. त्यात तुझा दम आणि बाबांचे गुडघे घेऊन त्या पायऱ्या. नाही. जत्रेला न्यायचं माझ्याकडे लागलं, पण नंतर. यंदा नाही जमलं तर नवरात्रात.

आता तुला इथलं सांगते. परवाच इथली जत्रा संपली, इटलीतल्या आमच्या कतानियाची, सांता आगाताची. तीन दिवस, ३ ते ५ फेब्रुवारी. तुला व्हिडिओ कॉलवर चौकातला तो काळा हत्ती दाखवला होता ना, लाव्हाच्या दगडाचा, पाठीवर खांब असलेला, आणि तू फोनलाच हात जोडलेस? त्याच चौकात तिचं देऊळ, म्हणजे चर्च. त्या हत्तीला इथे लिओत्रु म्हणतात आणि तो एटना ज्वालामुखीपासून गाव राखतो अशी समजूत आहे, त्यामुळे तू जोडलेले हात काही वाया गेले नाहीत. पण हत्ती झाला दाराशी बसलेला राखणदार. आई म्हणायचं ते आगाताला.

ती इथलीच, मोठ्या घरची मुलगी. रोमन सुभेदाराला तिच्याशी लग्न करायचं होतं, ती नाही म्हणाली, त्याने तुरुंगात टाकलं, हाल केले. काय केलं ते लिहायला मला दोन मिनिटं लागली बघ. तिची छाती कापली. बाबा, सॉरी. इसवी सन २५१ मध्ये ५ फेब्रुवारीला ती गेली, म्हणून त्या दिवशी सण. आणि म्हणून ज्या बायकांना तुझ्यासारखी गाठ निघते त्यांची ही देवी. अख्ख्या युरोपात त्या बायका हिच्याकडे मागतात.

पहिल्या वर्षी मी इथे नवी होते, बेकरीच्या काचेत बघते तर पांढऱ्या आयसिंगचे गोल गोल केक, वर मधोमध एकेक लाल चेरी, जोडीजोडीने मांडलेले. आत रिकोटा, म्हणजे आपल्या पनीरची मऊ बहीण. नाव विचारलं तर बाई म्हणाली मिन्ने दी सांताआगाता, आणि मिन्ने म्हणजे काय ते तिने हाताने दाखवलं! मी लाजून चूर, तिथे एक पाद्री उभा होता, तो चार बांधून घेऊन गेला. लहान मुलं खातात, आज्या खातात, कोणाला काही वाटत नाही. आणि आपण आई? तुला गाठ लागली दिवाळीत, तू सांगितलंस संक्रांतीला, आणि तेही वहिनीला, "इथे जरा काहीतरी आहे" असं पदरावर हात ठेवून. दादाने मला सांगितलं तेव्हा तो पण "छातीत" म्हणाला आणि मला वाटलं हार्ट. बाबांनी तर अजून एकदाही शब्द उच्चारला नाहीये, "तिचं ते" म्हणतात. रागावत नाहीये मी. मलाही तो शब्द मराठीत बोलता येत नाही, इटालियनमध्ये येतो.

माझ्या वरच्या मजल्यावरची सिन्योरा तुला माहितीये, ती मला लिंबं देते आणि तुझ्या गोडा मसाल्याचा वास आला की खाली येते. तिची नऊ वर्षांपूर्वी हीच शस्त्रक्रिया झाली. दरवर्षी पांढरा पायघोळ अंगरखा आणि काळी टोपी घालून मिरवणुकीत जाते. सगळेच भक्त तो घालतात, हजारो माणसं पांढऱ्यात. का, तर आगाताच्या अस्थी पळवून कॉन्स्टँटिनोपलला नेल्या होत्या त्या ११२६ मध्ये ऑगस्टात एका रात्री परत आल्या आणि गाव झोपेतून उठून रात्रीच्या कपड्यांतच धावलं, असं सांगतात. मला तू दिसलीस, गाऊनवर ओढणी घेऊन गॅलरीतून पालखी बघणारी.

आणि मेणबत्त्या आई. साध्या नव्हे. ज्याचा नवस असेल त्याच्या उंचीएवढी किंवा वजनाएवढी मेणबत्ती खांद्यावर घेऊन चालतात, आपल्याकडे गूळतुला करतात ना तसं. मेण रस्ताभर गळतं, त्यावर भुसा टाकतात, तरी नंतर कितीतरी दिवस गाड्यांचे टायर चीं चीं करतात. चांदीची पालखी, शंभर मीटरच्या वर लांब दोर, तो ओढायला दोन्हीकडून माणसं. पुढे बेकरीवाल्यांचे, खाटकांचे, मासेवाल्यांचे ज्याचे त्याचे लाकडी सोनेरी मनोरे, खांद्यावर नाचवत. आणि एकजण ओरडतो, "चित्तादीनि, विवा सांताआगाता!" की सगळे पांढरे रुमाल उडवतात. मी पण उडवला, पंचवीस नंबरची बस चुकली तरी थांबले. तुझं नाव घेतलं. तिला मराठी कळलं असेल, देवांना कळतं म्हणून तर तू मला माउंट मेरीला नेलंस.

आठवतं का? चौथीत जिन्यावरून पडून पाय मोडला होता माझा, प्लास्टर काढलं तरी मी लंगडतच होते आणि तू सप्टेंबरच्या जत्रेत बांद्र्याला मोतमाउलीला बोललीस. मेणाचा पाय विकत घेतलास, पिवळट, मऊ, माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस घट्ट धर, वाकवू नकोस. घामाने माझ्या बोटांचे ठसे उमटले त्याच्यावर. टोपल्यांत मेणाचे हात होते, डोळे होते, बाळं होती, घर पण होतं. छाती होती का ते आठवत नाही, असलीच तरी तू मला तिकडे बघू दिलं नसशील. पण आई, त्या आधी तू मला हाडांच्या डॉक्टरकडेच नेलं होतंस ना. प्लास्टर आधी, मेणाचा पाय नंतर. हा क्रम तूच घालून दिलेला आहे.

तू म्हणशील देव वाचवत असेल तर चाकू कशाला. ऐक. इथे म्हणतात की आगाता गेल्यावर वर्षाने एटना फुटला आणि लोकांनी तिच्या कबरीवरचा पदर (हो, पदरच म्हणते मी, लाल आहे) नेऊन लाव्हाच्या पुढ्यात धरला आणि लाव्हा थांबला. तो पदर अजून जपून ठेवलाय. पण १६६९ मध्ये लाव्हा गावात शिरलाच. १६९३ च्या भूकंपात तर जवळजवळ सगळं शहर पडलं. मग लोकांनी काय केलं, पदर जपला आणि त्याच लाव्हाचे काळे दगड घेऊन रुंद रस्ते बांधले, नवं देऊळ बांधलं, हत्ती परत उभा केला. कोणी म्हणालं नाही की तिचं काम आहे, आपण बसून राहू. बाबा, हे तुम्हाला पटेल, तुम्ही स्वतःला नास्तिक म्हणवता आणि स्कूटरला दर शनिवारी लिंबू-मिरची बांधता.

आणखी एक गोष्ट आहे, ती वाचल्यापासून मला झोप नाही. इथून साठेक किलोमीटरवर सिराकुसा, तिथली संत लुचिया, ती डोळ्यांची. ताटलीत दोन डोळे घेऊन उभी असते. बाबा, तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी मी १३ डिसेंबरला तिच्याकडे गेले होते, सांगितलं नव्हतं. शिजवलेल्या गव्हाचं गोड देतात त्या दिवशी, थेट आपली गव्हाची खीर, फक्त गूळ नाही आणि वेलची नाही, म्हणजे काहीच नाही. तर ही लुचिया मुलगी असताना तिच्या आईला रक्त जायचा आजार होता, खूप वर्षं. लेक आईला घेऊन कतानियाला आली, आगाताच्या कबरीपाशी. तिथे तिचा डोळा लागला आणि स्वप्नात आगाता म्हणाली, "माझ्याकडे काय मागतेस, तुझ्या आईसाठी ते तूच करू शकतेस." आई बरी झाली.

मी तुला इथे आणू शकत नाही. तीन वर्षांपूर्वी आणायचं तर मीच "पुढच्या उन्हाळ्यात" म्हणत राहिले. दर वेळी बोलताना तू "जेवलीस का" विचारतेस आणि मी तुला कधी विचारलं नाही की तपासून घेतलंस का. इथे माझ्या ऑफिसात चाळिशीच्या सगळ्या बायका जातात तपासायला, मी पण गेले, आणि तुला सांगितलं नाही कारण तू घाबरशील म्हणून. मग तारीख तरी मीच ठरवायला नको का?

बरं, आता नीट ऐका.

मी २२ ला पहाटे उतरतेय, पाच आठवडे आहे, दोन रजा आणि तीन घरून काम. दादाला सांगा एअरपोर्टला येऊ नको, मी ओला करेन. निळ्या फाईलमध्ये बायोप्सीचा ओरिजिनल रिपोर्ट, मेडिक्लेमचं कार्ड, आधारच्या दोन झेरॉक्स. आई, रक्त पातळ करायची ती छोटी गोळी कधी थांबवायची ते दादा डॉक्टरांना विचारून सांगेल, तोपर्यंत स्वतःच्या मनाने बंद करू नकोस आणि चालू पण ठेवू नकोस न विचारता... म्हणजे रोजच्यासारखी घे, तो सांगेपर्यंत. बाबा, तुमची बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी नाही, नंतर. स्वयंपाकाला त्या पोळीवाल्या मावशींना महिनाभर दोन्ही वेळ बांधलंय, पैसे दिलेत, आता नाही म्हणू नका. आई, तुझी उशी हॉस्पिटलात नेऊ, तीच, कापसाची, तिथल्या उशीवर तू झोपणार नाहीस माहितीये मला. नंतर हाताचे व्यायाम असतात, भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर वर चढायचं, ते मी करून घेईन, तू मला पाढे म्हणायला लावायचीस तसं. शेजारी काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी म्हणेन खरं सांग.

आणि मंगळसूत्र. ते आणि बांगड्या आत जाताना काढायला लावतात, धातू चालत नाही. मला माहितीये तू याच्यावरच अडून बसलीयेस, दादाला म्हणालीस "ते तेवढं नाही." आजीने घातलं तेव्हापासून निघालेलं नाही, पॉलिशला दिलं तेव्हाही काळी पोत होती गळ्यात. तर असं करू, तू ते कोणा नर्सच्या हातात द्यायचं नाही. बाबांनी काढायचं, बाबांनी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचं, बटण लावून, आणि खिशावर हात ठेवून बाहेर बसायचं. तू बाहेर आलीस की त्यांनीच घालायचं. बाबा, बटणवाला शर्ट घाला, तो निळा टीशर्ट नको.

सिन्योराने तुझ्यासाठी आगाताचं छोटं चित्र दिलंय आणि हिरव्या बदामाच्या गोळ्या, साखरेत घोळवलेल्या. चित्र देवघरात ठेव नाहीतर मिसळणाच्या डब्याखाली, ती चिडणार नाही. गोळ्या बाबांनी खायच्या नाहीत, शुगर.

ती तुझी उंची विचारत होती, पुढच्या फेब्रुवारीच्या मेणबत्तीसाठी. मी पाच फूट सांगितली. तू पाच-एक म्हणशील, ते मला मान्य नाही. आल्यावर स्वयंपाकघराच्या चौकटीला उभी राहा, माझ्या आणि दादाच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत त्याच बाजूला, आणि टाचा उचलायच्या नाहीत.

तुमची,
ठमी