राऊटरच्या अ‍ॅडमिन पानाशी ओळख करून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपण आमच्या घरी येऊन राऊटरची सगळी सेटिंग्ज माझ्याकडून करून घेतलीत, त्याबद्दल मी तोंडी आभार मानले होतेच. परंतु आपण केलेली मदत नेमकी कशी होती हे इतरांनाही कळावे, असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. नेट बंद पडले की सुरू करून देणारे पुष्कळ भेटतात. राऊटर ज्याच्या घरात आहे त्याच्याच ताब्यात तो देऊन जाणारे मात्र मला आपणच पहिले भेटलात.

फायबरची जोडणी देणारा माणूस वायफायचा पासवर्ड म्हणून आमचाच मोबाइल क्रमांक ठेवून गेला होता, आणि राऊटरच्या तळाला चिकटवलेल्या कागदावर युजरनेम व पासवर्ड या दोन्ही ठिकाणी ‘admin’ हाच शब्द छापलेला होता. वायफायचा पासवर्ड घरात सर्वांना पाठ होता. दुसऱ्याविषयी कोणी कधी बोललेच नव्हते. आपण आल्या आल्या तोच विचारलात. वायफायचा पासवर्ड पाहुण्याला घरात घेतो आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड घराची कुलपे बदलण्याचा अधिकार देतो, हे आपले वाक्य त्यानंतर मी कितीतरी जणांना ऐकवले आहे.

ब्राउझरमध्ये राऊटरच्या अ‍ॅडमिन पानाचा, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या पानाचा, १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकल्यावर ‘सुरक्षित नाही’ अशी सूचना आली, तेव्हा मी थबकले. हे पान घरातल्या घरातच उघडते, पण त्याच्याशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक केलेली नसते, म्हणून ब्राउझर तसे सांगतो, हे आपण समजावलेत आणि लगेच लॅपटॉपला लॅन केबल लावायला सांगितलेत. वायफायवरून वायफायचेच नाव किंवा पासवर्ड बदलला, तर बदल जतन होताच आपलेच कनेक्शन तुटते, हे त्यामागचे दुसरे कारण. असे छोटे शहाणपण राऊटरसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेत सापडत नाही.

आपल्या सावधपणाचे खरे मोल मला ‘वॅन’च्या, म्हणजे बाहेरच्या नेटशी असलेल्या जोडणीच्या, पानावर कळले. कशालाही हात लावण्यापूर्वी आपण त्या पानावरील पीपीपीओईचे (नेट सेवेत लॉग-इन करण्याच्या पद्धतीचे) युजरनेम, व्हीलॅनचा (सेवा देणाऱ्याने ठरवलेल्या वेगळ्या मार्गाचा) क्रमांक आणि कनेक्शनचा प्रकार मला वहीत उतरवून घ्यायला लावलात. तेथला पासवर्ड ठिपक्यांत झाकलेला असल्यामुळे तो सेवा देणाऱ्यांकडून फोनवर मागून घेईपर्यंत आपण शांतपणे थांबलात. मागच्या बारीक छिद्रातील रिसेटचे बटण टाचणीने काही सेकंद दाबून धरले की चुकीच्या सेटिंगसोबत ही माहितीही पुसली जाते, आणि ती हाताशी नसेल तर नेटवाल्याचा माणूस येईपर्यंत घर नेटविना राहते. त्यानंतर सर्व सेटिंग्जची बॅकअप फाइल लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि मगच आपण ‘आता बदला’ म्हणालात.

अ‍ॅडमिनचा नवा पासवर्ड मी टाइप करू लागले तेव्हा आपण खुर्ची फिरवून गॅलरीकडे तोंड करून बसलात. ‘हा मला माहीत असण्याचे कारण नाही,’ एवढेच म्हणालात. मदत करणाऱ्यानेच पासवर्ड ठरवावा आणि आपल्याकडेही लिहून ठेवावा, हेच मी आजवर पाहत आले होते. त्यामुळे त्या एका कृतीने आपल्याविषयीचा माझा आदर दुणावला. मग २०१६ सालच्या ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमची हकिगत आपण सांगितलीत: कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या एकामागून एक वापरून पाहत त्या प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेने ‘डाइन’ (Dyn) या डीएनएस कंपनीवर, म्हणजे साइटच्या नावांचे आकड्यांतील पत्ते सांगणाऱ्या कंपनीवर, हल्ला केल्यामुळे ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत कित्येक तास विस्कळीत झाल्या. ज्यांची उपकरणे त्यात वापरली गेली, त्यांतील बहुतेकांना पत्ताही नव्हता.

डीएनएसच्या रकान्यापाशी आपण बराच वेळ थांबलात, आणि ते योग्यच होते. आपण बँकेच्या साइटचे नाव टाइप करतो तेव्हा त्या नावाचा आकड्यांतील पत्ता कोणाला विचारायचा, हे तो रकाना ठरवतो. ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमारास मॉडेममधील त्रुटीचा फायदा घेऊन चोरट्यांनी सुमारे ४५ लाख मॉडेममधील नेमका हाच रकाना बदलला होता. लोक नाव अचूक टाइप करत होते, तरीही खोट्या पानावर जात होते, आणि संगणक तपासून काही सापडत नव्हते, कारण बिघाड संगणकात नव्हताच. आमच्या रकान्यात आज जे आकडे आहेत तेही आपण वहीत लिहून घ्यायला लावलेत, म्हणजे अधूनमधून ताडून पाहता येतील.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिन वापरून वायफाय जोडण्याची सोय, का बंद करायचे, हे आपण गणित शिकवणारीला गणितानेच पटवलेत. त्याचा पिन आठ आकडी, म्हणजे वरवर पाहता दहा कोटी शक्यता. पण शेवटचा आकडा आधीच्या सात आकड्यांवरूनच निघतो आणि राऊटर पहिले चार आकडे बरोबर की चूक हे वेगळे सांगून टाकतो, त्यामुळे १०,००० आणि १,००० मिळून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडतो. हा दोष २०११ च्या डिसेंबरमध्ये उघड झाला, तरीही कित्येक राऊटरमध्ये ती सोय सुरूच असते. बाहेरून अ‍ॅडमिन पान उघडण्याची मुभा आणि यूपीएनपी (घरातल्या उपकरणांसाठी बाहेरून आत येण्याची वाट आपोआप उघडणारी सोय) ही दोन बटणेही त्याच ओघात बंद झाली.

माझ्यासाठी सर्वांत उपयोगी ठरले ते गेस्ट नेटवर्क. शिकवणीला येणाऱ्या मुलांना नेट हवे असते आणि नाही म्हणणे मला आवडत नाही. आता त्यांचे फोन वेगळ्या नावाच्या वायफायवर असतात, तेथून आमचा प्रिंटर, दारावरचा कॅमेरा आणि माझा लॅपटॉप त्यांना दिसत नाही, आणि परीक्षा संपल्या की तेवढाच पासवर्ड बदलता येतो. प्रिंटर अधूनमधून ‘ऑफलाइन’ का दाखवतो, हे कोडेही आपण सोडवलेत. राऊटर त्याला प्रत्येक वेळी वेगळा आयपी पत्ता देत होता. प्रिंटरमधून छापून काढलेल्या पानावरचा मॅक पत्ता (त्या उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) डीएचसीपीच्या, म्हणजे आयपी पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या, यादीत घालून १९२.१६८.१.१५० हा पत्ता त्याच्या नावे राखून ठेवल्यापासून प्रश्नपत्रिका छापताना एकदाही खोळंबा झालेला नाही. तो प्रिंटर जुना असल्यामुळे त्याला डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा पद्धत समजत नाही, म्हणून आपण केवळ नव्याचा आग्रह न धरता डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा मिश्र पर्याय निवडायला सांगितलात.

एवढे सगळे आपण स्वतः केले असते, तर फार लवकर उरकले असते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला माझ्या प्रत्येक ‘का?’ला उत्तर देत बसायची काही गरज नव्हती. तरी माउस आपण एकदाही हातात घेतला नाहीत. त्या संयमाबद्दल मी आपली अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपण गावी गेल्यानंतर फर्मवेअरची, म्हणजे राऊटरमधल्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती आल्याची सूचना दिसली. आपण सांगितल्याप्रमाणे आधी बॅकअप घेतला, राऊटरचा मॉडेल क्रमांक आणि हार्डवेअरची आवृत्ती तळाच्या कागदाशी जुळवून पाहिली, आणि काम पूर्ण होईपर्यंत वीज जाऊ नये म्हणून राऊटर इन्व्हर्टरवरच्या प्लगला लावला. सारे व्यवस्थित पार पडले. सोसायटीच्या कार्यालयातील राऊटरवर मात्र अजूनही कारखान्यातलाच पासवर्ड आहे. सचिवांची परवानगी मी घेतली आहे आणि त्यांच्याकडूनच ते काम करून घेणार आहे. आपण परतल्यावर त्या दिवशी शेजारी येऊन बसलात, तर मला धीर येईल.

आपली कृतज्ञ,
तिसऱ्या मजल्यावरील शेजारीण