युद्धकाळाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा

युक्रेनमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून युद्ध पेटलेलं असतानाच तिथले अभ्यासक निर्वासितांच्या मुलाखती टिपून ठेवत आहेत. युद्ध संपण्याची वाट पाहिली तर माणसं पांगतात, आठवणींवर नंतरच्या बातम्यांची पुटं चढतात. बोलणाऱ्याला धोका असेल तर नाव गुप्त ठेवणं, मुलाखत काही वर्षं इतरांसाठी बंद ठेवणं, ही जबाबदारीही त्यात आलीच.

आपण तर १९७१ च्या भारत-पाक युद्धाच्या बाबतीतही उशीर केला आहे. तेव्हा विशीत असलेली माणसं आज पंच्याहत्तरीच्या घरात आहेत. आमच्या शेजारच्या आजी ब्लॅकआउटच्या रात्रींबद्दल सांगतात. खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवायला त्यांनी घरीच खळ शिजवली होती आणि स्टोव्हचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून जेवणं अंधार पडायच्या आत उरकायची. ती खळ कुठल्याही युद्धाच्या इतिहासात सापडणार नाही. उल्हासनगरचंही तेच. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर जे सिंधी मुलगे-मुली वाढले, ते आता ऐंशीच्या पुढे आहेत.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. त्याने आणि इथल्या महाविद्यालयांनी मिळून हे काम हाती घ्यावं. साधा मोबाइल पुरतो. मात्र लेखी संमती, तारीख आणि ठिकाण नोंदवावं, बोलणं 'सुधारू' नये आणि प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. सुरुवात येत्या दिवाळीच्या सुट्टीतच व्हावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे