किनारा ओलांडल्यावर वादळाचं काय होतं, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वादळाला नाव मिळालं की ते पहिल्या पानावर येतं, किनाऱ्याला लागलं की आतल्या पानावर सरकतं आणि तिथून सोलापूरच्या दिशेने निघालं की पेपरातून नाहीसंच होतं. ही तक्रार एकट्या तुमच्या पेपराबद्दल नाही, टीव्हीवाल्यांचं तर विचारूच नका. पण बंगालच्या उपसागरात सध्या पुन्हा कमी दाबाचं क्षेत्र आकार घेतंय, म्हणून वेळ आहे तोवर लिहिते.

मी काही हवामानतज्ज्ञ नाही. बाळीवेशीत माझा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा घरगुती धंदा आहे. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली की मंद धगीवर ठेवून तिच्यातला ओलावा पूर्ण घालवावा लागतो. मोडताना कट्‌कन आवाज आला पाहिजे. हवा दमट असली की डब्यात ठेवलेली भाकरीसुद्धा सादळते, आणि पुण्या-मुंबईला घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाचा फोन येतो तो काही कौतुकाचा नसतो. त्यापायी मी ओला-सुका तापमापक आणून मागच्या दारी सावलीत टांगला. दोन नळ्या, एकीच्या फुग्याला ओल्या मलमलीची चिंधी. दोन्हींच्या आकड्यांत फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी. ऑक्टोबरचा चटका लागला की भर दुपारी हा फरक आठ-दहा अंशांवर जातो आणि भाकरी कशी खणखणीत होते. तोच फरक दोन-तीनवर उतरला की समजायचं, वारं पूर्वेचं झालं. मग त्या दिवशी पीठ कमी मळायचं. (माझे सासरे मिलमध्ये होते, त्यांचं अगदी उलट. हवा कोरडी पडली की मागावर सूत तुटायचं, म्हणून खात्यात पाण्याचे फवारे चालू ठेवत. दमट हवेची वाट बघणारा माणूस आणि तिला शिव्या घालणारी सून, दोघं एकाच घरात राहिलो.)

या नादातून आम्हा चार-सहा जणांचा एक गट जमला आहे. नान्नजकडचे एक द्राक्ष बागायतदार, शहराच्या पूर्व भागातले एक यंत्रमागवाले, पंढरपूरचा एक होडीवाला, अक्कलकोट तालुक्यातले एक निवृत्त तलाठी आणि मी. प्रत्येकाच्या गच्चीवर किंवा रानात पर्जन्यमापक आहे. सकाळी साडेआठला मोजायचं आणि एकमेकांना कळवायचं, हा नेम. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठच असतो. पेपरात 'काल इतका पाऊस' असं छापून येतं, त्यातला बराचसा परवाचा असतो, हे वाचकाला कोणी सांगत नाही.

सध्या गटात दिवसभर वाद चालू आहेत. अमेरिकेचं संगणकावर अंदाज काढणारं मॉडेल या कमी दाबाला काकीनाड्याकडे आणतं, युरोपचं ओडिशाकडे वळवतं आणि पुढच्या फेरीत दोघं आपापली जागा बदलतात. नान्नजकर प्रत्येक फेरीला नवा नकाशा टाकतात. तलाठी आप्पा शांतपणे लिहितात, 'अजून केंद्र बसलेलं नाही, रेघा मारू नका.' त्यांचंच खरं आहे. समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं असलं तरी तेवढ्याने वादळ होत नाही. खालचं वारं आणि खूप उंचावरचं वारं यांच्या वेगात-दिशेत फार तफावत असली तर ढगांचा मनोरा तिरका होऊन फुटतो. केंद्र घट्ट बसेपर्यंत मॉडेलने काढलेली रेघ म्हणजे निव्वळ अंदाजाचा अंदाज. आणि नेमक्या याच दिवसांत 'महाराष्ट्रावर चक्रीवादळाचं संकट' अशा बातम्या येतात. महाराष्ट्र केवढा आहे हो! पालघरपासून गडचिरोलीपर्यंत सगळ्यांनी एकदम कशाला घाबरायचं?

आता माझा मुख्य मुद्दा. नकाशात बघा, सोलापूर, कलबुर्गी, हैदराबाद, काकीनाडा, विशाखापट्टण ही गावं जवळपास एकाच आडव्या पट्ट्यात येतात, साधारण १७ ते १७.७ उत्तर अक्षांशात. आंध्रच्या त्या किनाऱ्यावरून पश्चिमेला निघालेली वावटळ कोणार्क एक्सप्रेससारखी हैदराबाद, कलबुर्गी करत आपल्या दारात येते. नैऋत्येकडून येणारा मोसमी पाऊस सह्याद्री अडवतो, म्हणून आपण पर्जन्यछायेत. पण पूर्वेकडून येणाऱ्या बाष्पाला आडवा येईल असा डोंगर मध्ये नाही. पूर्वघाट आहे तो तुटक, कृष्णा-गोदावरीनेच त्याला खिंडारं पाडलेली. म्हणूनच जून-जुलै कोरडे ढेकळासारखे जाऊनही सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे नद्या फुगतात.

ऑक्टोबर २०२० आठवा. बंगालच्या उपसागरातली ती कमी दाबाची प्रणाली १३ तारखेला सकाळी काकीनाड्याजवळ जमिनीवर आली, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ५५ ते ६५ किलोमीटर होता. हवामान खातं तिला अतितीव्र कमी दाबाचं क्षेत्र म्हणत होतं. चक्रीवादळ म्हणून नाव मिळायला किमान ६२ चा सलग वारा लागतो, खात्याच्या मोजणीत ती तेवढी भरली नाही. तेरा देशांनी मिळून दिलेली १६९ नावांची नवी यादी त्याच वर्षी एप्रिलमध्ये जाहीर झाली होती, पण त्यातलं एकही नाव हिच्या वाट्याला आलं नाही. त्या दिवशी हैदराबाद बुडालं. आमच्या यंत्रमागवाल्यांचे निम्मे नातेवाईक तेलंगणात. त्यांच्याकडे तिकडून फोनावर फोन येत होते, रस्त्यावर होड्या चालल्यात म्हणून. दुसऱ्या दिवशी तोच पाऊस सोलापूर-पंढरपूरवर कोसळला. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत पडून सहा जण गेले. भीमा, सीना, बोरी साऱ्या नद्या पात्राबाहेर. आणि ती प्रणाली पुढे अरबी समुद्रात उतरून पुन्हा जोर धरायला लागली, तेव्हा मुंबईच्या बातम्यांना तिची आठवण झाली.

२०२१ चं 'गुलाब' तसंच. २६ सप्टेंबरला आंध्रच्या उत्तर टोकाला, ओडिशाच्या सीमेजवळ किनारा ओलांडला, चक्रीवादळ म्हणून ते लगेच विरलं. 'धोका टळला' असंच कोणालाही वाटावं. त्याचं जे उरलंसुरलं होतं त्याने २८ तारखेला मराठवाडा धुऊन काढला, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. नंतर अरबी समुद्रात जाऊन 'शाहीन' या नव्या नावाने ते ओमानपर्यंत पोचलं. उलट गेल्या वर्षीचं, म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरातलं 'मोंथा' घ्या. नाव होतं, रुबाब होता, तीव्र चक्रीवादळ म्हणून आंध्रला धडकलं. पण जमिनीवर आल्यावर वायव्येला तेलंगण, छत्तीसगड, विदर्भाच्या बाजूला गेलं. आपल्यासाठी वादळाच्या नावापेक्षा, ताकदीपेक्षा ते जमिनीवर आल्यावर कुठे वळतं हे महत्त्वाचं. नेमकं तेच छापून येत नाही.

कोणाला कशाची निकड आहे ते सांगते. नान्नजच्या बागेत या महिन्यात गोडी छाटणी, म्हणजे फळ धरायची छाटणी, चालते. छाटणीनंतर डोळे फुटून वेल पोंगा म्हणजे कोवळ्या फुटीच्या अवस्थेत असताना झड लागली की डाऊनी हा बुरशीचा रोग आणि कूज ठरलेली. घड जिरले की वर्ष गेलं. आमचे बागायतदार छाटणीची तारीख ठरवायला पंचांगाबरोबर उपसागराचाही नकाशा बघतात. चार दिवस आधी कळलं तर अर्धी बाग आता, अर्धी नंतर असं करता येतं. ज्वारीवाल्याचं दुखणं निराळं. हस्ताचा पाऊस हवाच, त्याच्याशिवाय रब्बी उभी राहत नाही. पण तो पडून थांबला पाहिजे. वापसाच आला नाही, रान पेरण्याजोगं सुकलंच नाही, तर काळ्या रानात पेरणीची पाभर घालायची कशी? मंगळवेढ्याकडे ज्वारी सगळी त्या ओलीवर. स्वातीला पडलं तर मोती पिकतात असं सासरे म्हणायचे, पण कापून गंजी लावलेल्या सोयाबीनवर तोच पाऊस पडला की तिला कोंब फुटतात. कांदा काढून रानात सुकत घातलेला असतो त्याचीही तीच गत.

शिवाय कोजागरी. सोलापुरातून आणि कर्नाटकातून किती लाख माणसं त्या रात्री तुळजापूरला चालत जातात हे तुमच्या वार्ताहरांना मी सांगायला नको. बायका, म्हातारी माणसं, कडेवर लेकरं, ४५ किलोमीटरचा रस्ता, आणि त्यातल्या कितीकांच्या पायात चप्पल नसते. विजा चमकणार असतील तर झाडाखाली थांबू नका, एवढं एक वाक्य त्या दिवशीच्या अंकात ठळक अक्षरांत आलं तरी पुष्कळ. माझ्या धंद्याचं सगळ्यात शेवटी. भाकरी सादळली तर मोडून चटणीबरोबर घरीच खाऊ.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. माढा, करमाळा, मोहोळच्या गावांत घरात पाणी, लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद. नदीकाठच्या माणसाला पाऊस किती पडला यापेक्षा वर सीना-कोळेगाव आणि उजनी धरणांतून किती पाणी सोडलं हे आधी कळायला हवं. पंढरपूरचा आमचा होडीवाला रोज फक्त एकच आकडा विचारतो, उजनीचा विसर्ग. त्यावरून तो होडी कुठल्या पायरीला बांधायची ते ठरवतो.

यावर तुम्ही म्हणाल, पेपर रात्री छापतो, सकाळपर्यंत अंदाज शिळा होतो, मोबाइलवर सगळं मिळतं. मोबाइलवर मिळतं ते दहापैकी सात वेळा कोणीतरी दोन वर्षांपूर्वीचं उपग्रहाचं चित्र पुढे ढकललेलं असतं, त्यावर ना तारीख ना वेळ. आणि शिळं व्हायचं म्हणाल तर २०२० चाच हिशेब करा. १३ तारखेला सकाळी किनारा ओलांडला, १४ ला ती प्रणाली आपल्या डोक्यावर. या दोन्हींच्या मध्ये एकच अंक येतो, १४ तारखेच्या सकाळचा. तसा अंक पुन्हा काढायची वेळ येईल तेव्हा त्यात हैदराबादच्या फोटोखाली 'हे आज सोलापूरकडे येत आहे' एवढं असलं पाहिजे.

त्यासाठी फार जागा लागणार नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर, जिल्ह्याच्या पानावर एक चौकट द्या. कमी दाबाचं केंद्र सोलापूरपासून किती किलोमीटरवर, कोणत्या दिशेला, आणि किनारा ओलांडल्यावर पुढचे दोन दिवस त्याचा रोख कुठे. मुंबईपासूनचं अंतर आम्हाला काय करायचं? हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा कोणत्या तालुक्याला आणि किती वाजेपर्यंत. लाल म्हणजे शाळेला सुट्टी एवढाच अर्थ आता लोकांच्या डोक्यात उरलाय, म्हणून खाली एका ओळीत अर्थही द्या. उजनीत येणारं आणि सोडलेलं पाणी, सीनेचं तसंच. आणि पाऊस तालुक्याच्या सरासरीत न देता महसूल मंडळानुसार, म्हणजे तालुक्यातल्या गावांच्या एकेका गटानुसार द्या. आमचे तलाठी आप्पा यावर फार कळकळीने बोलतात. एका मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस गेला तर ती अतिवृष्टी, त्यावर पंचनामे आणि मदत अवलंबून. तालुक्याची सरासरी ३० दाखवली तरी एखाद्या मंडळात ९० पडलेला असतो. तो आकडा पेपरात छापलेला असला की शेतकऱ्याला तलाठ्यासमोर, बँकेत, विमावाल्यासमोर ठेवायला कागद मिळतो.

आमच्या गटाची सकाळची मोजमापं नऊ वाजेपर्यंत तयार असतात. तुमच्या कार्यालयात कोणाला द्यायची तेवढं कळवा, पैसे-बिसे काही नकोत. सरकारी आकड्यांशी ती ताडून बघा, जुळली नाहीत तर छापू नका.

आणि चौकटीत नकाशा देणार असाल तर एक विनंती. महाराष्ट्राची हद्द संपली की पुढचा भाग पांढरा सोडायची पद्धत आहे, ती या नकाशाला लावू नका. अक्कलकोटच्या पुढे कलबुर्गी, हैदराबाद आणि थेट काकीनाड्याचा समुद्र दिसेल इतका तो पूर्वेला वाढवा. पश्चिमेचं थोडं कमी झालं तरी चालेल.

आपली जुनी वाचक,
एक कडक भाकरीवाली,
बाळीवेस, सोलापूर