मोठ्या मुलांच्या झोपेचे काय?

महोदय,

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला, तेव्हा फार बरे वाटले होते. पण माझा मुलगा नववीत आहे. सातची शाळा, म्हणून पावणेसहाला उठवावे लागते. तोंडात ब्रश तसाच धरून तो बेसिनपाशी उभ्याउभ्या पेंगतो. ते बघून पोटात तुटते. ‘रात्री मोबाइल बघत बसतो, दुसरं काय!’ असे सगळे म्हणतात. मोबाइलचा वाटा आहेच. पण वयात येताना मेलाटोनिन हे झोप आणणारे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते आणि झोपेची वेळ दोन तासांपर्यंत पुढे सरकते, हे संशोधनातून दिसले आहे. तो मुलांचा आळस नव्हे. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत, अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियात हायस्कूलसाठी २०२२ पासून तसा कायदाच लागू आहे. आपल्याकडे जागेची आणि दोन पाळ्यांची अडचण मोठी आहे, हे मान्य. तरी शिक्षण विभागाने निदान आठवी ते दहावीच्या वेळांचा विचार सुरू करावा, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, डोंबिवली