कर्नेलमधील एनटीएफएसची देखभाल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून, जुना संगणक मोडीत न काढता त्यावर लिनक्स बसवावे, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो रास्तच आहे. मात्र अशा संगणकांवर वर्षानुवर्षे साठलेले फोटो, हिशेब आणि कागदपत्रे मायक्रोसॉफ्टच्या एनटीएफएस या फाइल सिस्टीममध्ये (डिस्कवर फायली मांडून ठेवण्याच्या पद्धतीत) असतात, आणि ती लिनक्समध्ये सुखरूप राहणे हे कर्नेलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, एनटीएफएसचा कोड कोण सांभाळते यावर अवलंबून असते. या बाजूची चर्चा फारशी होत नाही, म्हणून हे पत्र.

१९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेल्या या फाइल सिस्टीमचे संपूर्ण तपशील मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेले नाहीत. डिस्कवरील नोंदींचा माग काढत बाहेरच्या विकसकांनीच तिची रचना उलगडली. कर्नेलमधला जुना ड्रायव्हर, म्हणजे ही फाइल सिस्टीम हाताळणारा कोड, प्रामुख्याने वाचण्यापुरता होता. पुढे पॅरागॉन सॉफ्टवेअर या कंपनीने २०२० मध्ये सुमारे २७ हजार ओळींचा स्वतःचा ड्रायव्हर मुक्त परवान्याखाली देऊ केला आणि एनटीएफएस३ या नावाने तो कर्नेलच्या २०२१ च्या ५.१५ आवृत्तीत सामील झाला. या औदार्याचे मोल मी कमी लेखत नाही. तरीही वर्ष पुरे होण्याआधीच, एप्रिल २०२२ मध्ये, दुरुस्त्या स्वीकारल्या जात नाहीत आणि देखभालकर्त्याकडून उत्तर येत नाही, अशी तक्रार इतर विकसकांना उघडपणे करावी लागली. त्यानंतर काम पुन्हा सुरू झाले खरे, पण एकाच कंपनीच्या सवडीवर विसंबण्यातला धोका तेव्हाच दिसला होता. २०२४ च्या ६.९ आवृत्तीतून जुना ड्रायव्हर काढून टाकल्यावर तर त्या वेळी कर्नेलमध्ये एनटीएफएससाठी एनटीएफएस३ हा एकच ड्रायव्हर उरला.

ही देखभाल नाममात्र नसते. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावरही संगणक पुरता बंद होत नाही. डिस्कवरचे व्यवहार अर्धवट राहू शकतात आणि अशा डिस्कवर लिनक्समधून लिहिल्यास माहिती बिघडू शकते. कधी नकार द्यायचा, हे ड्रायव्हरला अचूक कळले पाहिजे. शिवाय हा कोड कर्नेलच्या आतच चालत असल्याने, मुद्दाम बिघडवलेला एखादा पेनड्राइव्हसुद्धा सगळी यंत्रणा कोसळवू शकतो.

देखभाल होत नसेल तर कोड काढून टाकावा, हे काहींचे मत मला पटत नाही, कारण त्याचा भुर्दंड ज्याची माहिती त्या डिस्कवर आहे त्यालाच पडतो. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१९ मध्ये एक्सफॅट या आपल्या दुसऱ्या फाइल सिस्टीमचे तपशील खुले केले आणि २०२० च्या ५.७ आवृत्तीत सॅमसंगचा ड्रायव्हर आला. एनटीएफएसबाबतही कंपनीने हेच करावे. अशा प्रत्येक ड्रायव्हरला निरनिराळ्या संस्थांमधले किमान दोन देखभालकर्ते असावेत. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही कर्नेलच्या प्रत्येक चाचणी आवृत्तीवर एक्सएफएसटेस्ट्स हा चाचणीसंच एनटीएफएससाठी चालवून आढळलेले दोष विकसकांना कळवता येतील. त्यासाठी एक जुना संगणक आणि एक मोकळी हार्डडिस्क पुरेशी आहे.

आपला,
एक वाचक, पुणे