प्रवेशाआधी वर्ग पाहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की सोलापुरात नर्सरी प्रवेशाची धावपळ सुरू होते आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलाच्या दहावीपर्यंतच्या शिक्षणाचा निर्णय अनेक घरांत शाळेची इमारत, शेजाऱ्यांचे मत आणि दारात येणारी व्हॅन एवढ्यावर होतो. याबद्दल पालकांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण जे पाहायला हवे ते त्यांना पाहूच दिले जात नाही. माहितीपत्रक मिळते, शुल्काचा तक्ता मिळतो, सजवलेली एखादी खोलीही दाखवली जाते. पण कामकाजाच्या साध्या दिवशी बाई मुलांशी कशा वागतात, हे पाहण्याची सोय नसते. आम्ही एका शाळेत तशी विनंती केली, तेव्हा आधी प्रवेश निश्चित करा, असे उत्तर मिळाले.

आपल्या शहरात हे पाहणे विशेष गरजेचे आहे. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातून तेलुगू बोलत आलेले मूल, अक्कलकोटकडचे कन्नड बोलणारे मूल, उर्दू बोलणारे आणि मराठी बोलणारे मूल इथे एकाच बाकावर बसते. महापालिकेने मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्या शाळा चालवल्या त्या याच कारणाने. खासगी इंग्रजी शाळेत मात्र यातल्या बहुतेकांना पहिल्या दिवसापासून अनोळखी भाषेत बसावे लागते. इंग्रजी माध्यमाला माझा विरोध नाही. पण तहान लागली, शू लागली, पोटात दुखते, हे मुलाने घरच्या भाषेत सांगितले तर बाईंना किंवा निदान मावशींना ते कळते का, हे प्रवेशाआधी समजायला हवे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. माझ्या पाहण्यातल्या एकाही माहितीपत्रकात या विषयाला एक ओळ नव्हती.

कायद्याचा आधार इथे तोकडा पडतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास त्यात मनाई असून पहिल्या उल्लंघनाला २५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. परंतु शाळेची खरी निवड नर्सरीतच होऊन जाते. पहिलीत मूल नुसते वरच्या वर्गात सरकते. तोवर नर्सरीच्या खोलीत मुले किती होती आणि एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली ती कशी बसली, हे विचारणारे कोणी नसते. (व्हॅनमध्ये किती बसतात, हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे.)

म्हणून शिक्षण विभागाला विनंती आहे की, प्रवेश अर्ज देण्यापूर्वी प्रत्येक शाळेने पूर्वप्राथमिक वर्गांतील मुलांची संख्या, शिक्षिकांची पात्रता आणि वर्षाचे एकूण शुल्क फाटकाजवळच्या फलकावर लावावे, आणि इच्छुक पालकांना एका चालू वर्गात तासभर मागे बसू द्यावे. मुलांच्या सुरक्षिततेची अडचण शाळा पुढे करतील. ती अगदीच खोटी नाही. परंतु ओळखपत्र पाहून, नोंदवहीत सही घेऊन एका वेळी दोनच पालकांना आत सोडणे कोणत्याही शाळेला जमण्यासारखे आहे. यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायला नको. विभागाने दिवाळीपूर्वी सर्व शाळांची बैठक घेऊन एवढे मान्य करून घेतले, तरी येत्या प्रवेशांपासून सुरुवात करता येईल.

आपला,
एक पालक, जुळे सोलापूर